एवढे मोजले कुणी?

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी दौंड सोडून भीमेच्या खोऱ्यातून पुढे सरकते, तेव्हा जेऊर आणि कुर्डुवाडी या दोन स्थानकांच्या दरम्यान एक छोटे स्थानक लागते : केम. करमाळा तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कुंकवासाठी. पंढरपूर, तुळजापूर यांसारख्या तीर्थक्षेत्रांच्या बाजारपेठांशी या गावाच्या धंद्याचे जुने नाते आहे. शेतीला पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात एका लाल पुडीने कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

या गावाची आठवण निघाली ती एका विद्यार्थ्यामुळे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे. मोल हा पाठ चालू होता. फळ्यावर मी नेहमीच्या सवयीने लिहिले : एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. मुलांनी आकडा उतरवून घेतला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, एवढे मोजले कुणी?” वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचे गणित सांगू लागलो. वास्तविक हसण्यासारखे काही नव्हते. प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. वर्षानुवर्षे मी तो आकडा मुलांकडून पाठ करून घेत होतो. परंतु तो आला कोठून, हे मला कधी कुणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. त्या मुलाला द्यावयाचे उत्तर मी पुढे सवडीने शोधले. ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

दानपेटीतील नाणी

प्रथम मोल म्हणजे काय ते पाहू. रविवारच्या मिस्सानंतर दानपेटीतील नाणी मोजण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. नाण्यांचा ढीग मोठा असेल तर एक एक नाणे मोजत बसण्याऐवजी ती तराजूत टाकणे सोपे. एका नाण्याचे वजन ठाऊक असले की ढिगाच्या वजनाला त्याने भागावे, संख्या हाती येते. मोलचे सारे गणित एवढेच आहे. पदार्थाचे ग्रॅममधील वजन घ्यावे, त्याला त्याच्या रेणुवस्तुमानाने भागावे म्हणजे मोल मिळतात. मोलला ॲव्होगॅड्रो अंकाने गुणावे म्हणजे कणांची संख्या मिळते. उलट जावयाचे असेल तर कणांच्या संख्येला त्याच अंकाने भागावे.

केमच्या कुंकवाचेच उदाहरण घेऊ. पारंपरिक कुंकू हळदीपासून होते. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. क्षाराच्या संगतीत कर्क्युमिन आपला रंग पालटते. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीमागे हेच रसायन आहे. हल्ली बाजारातील पुष्कळशा कुंकवात पिठूळ भुकटी आणि कृत्रिम रंग असतात, ही गोष्ट वेगळी. आपण चुना लावण्यापूर्वीची हळद घेऊ.

कर्क्युमिनच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. कार्बनचे वस्तुमान १२, हायड्रोजनचे १ आणि ऑक्सिजनचे १६ धरले तर बेरीज ३६८ होते. म्हणजे ३६८ ग्रॅम कर्क्युमिन हा एक मोल. आता एका टिळ्यापुरती, समजा १० मिलिग्रॅम हळद घेतली. हळदीत कर्क्युमिन साधारणपणे शेकडा ३ धरले, तर त्या टिळ्यात ते ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०००३ ग्रॅम असेल. याला ३६८ ने भागले की सुमारे ०.००००००८ मोल येतात. त्यांना ॲव्होगॅड्रो अंकाने गुणले की उत्तर मिळते सुमारे ४.९ गुणिले १० चा १७ वा घात.

ही संख्या आपल्या भाषेत सांगता येते. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त दशमान स्थानांची नावे दिली आहेत, त्यांतले शेवटचे नाव परार्ध, म्हणजे १० चा १७ वा घात. तेव्हा एका टिळ्यातील हळदीत कर्क्युमिनचे जवळजवळ पाच परार्ध रेणू आहेत. दर सेकंदास एक या वेगाने ते मोजावयास बसलो तर सुमारे दीड हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वयही त्याहून कमी, सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. आणि जगातील ८०० कोटी माणसांत ते सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा कोटींच्या घरात येतील. पूर्ण एका मोलमध्ये तर ६० लाख २२ हजार परार्ध कण असतात.

मात्र दानपेटीच्या उपमेत एक अडचण लपलेली आहे. नाण्याचे वजन आपल्याला आधी ठाऊक असते. रेणू कुणी तराजूत टाकला? तो दिसत नाही, चिमटीत येत नाही. मग त्याचे वजन कळले कसे? मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न नेमका येथेच होता.

चर्चमधला धूप

कणांची संख्या काढण्याचा एक फार जुना प्रयत्न चर्चमध्ये झाला, हे वाचून आपल्या वाचकांना नवल वाटेल. सतराव्या शतकात इटलीतील पाव्हिया येथील विद्यापीठात योहान क्रिसोस्तोम मॅग्नेनस नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. डिमॉक्रिटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या अणुविचाराचे पुनरुज्जीवन करणारा ग्रंथ त्यांनी १६४६ साली प्रसिद्ध केला. त्या काळी फ्रान्समध्ये पिएर गॅसेंडी हे कॅथलिक धर्मगुरूही अणुविचाराला लागलेला निरीश्वरवादाचा कलंक पुसून काढण्यासाठी लेखणी झिजवीत होते.

मॅग्नेनस यांनी विचार केला तो असा. धूपाचा लहानसा खडा निखाऱ्यावर पडला की त्याचा वास साऱ्या चर्चभर दरवळतो. जेथे जेथे वास येतो, तेथे तेथे धूपाचे कण पोहोचलेच पाहिजेत. मग ज्या किमान जागेत वास जाणवतो तिच्यात निदान किती कण असतील याचा अंदाज घ्यावा आणि त्यास चर्चच्या अवकाशाने गुणावे. असे करून ते १० चा १८ वा घात या संख्येच्या जवळपास पोहोचले. आपल्या भाषेत सुमारे दहा परार्ध.

आज आपण हा हिशेब मोलने पडताळू शकतो. धूपाच्या सुवासात पायनीन नावाचे एक द्रव्य असते. त्याचे रेणुवस्तुमान १३६. एक दशांश ग्रॅम पायनीन हवेत पसरले असे धरले, तर त्यातील रेणूंची संख्या चार हजारांहून अधिक परार्ध भरते. म्हणजे मॅग्नेनस यांचा अंदाज काही शेकडा पटींनी कमी पडला. तरीही ज्या काळी रेणू हा शब्दही रूढ नव्हता, त्या काळी केवळ नाक आणि पाटी यांच्या बळावर माणूस एवढ्या जवळ आला, हे थोडे नव्हे. मिस्साच्या वेळी धूपपात्र हलताना पाहून आपल्यापैकी किती जणांच्या मनात मोजण्याचा विचार येईल?

धर्मकायद्याचा पदवीधर

ज्यांच्या नावाने हा अंक ओळखला जातो, त्या आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी मात्र तो कधीच काढला नाही. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतील तुरिन येथे, न्यायखात्यात पिढ्यान्‌पिढ्या सेवा केलेल्या घराण्यात झाला. त्यांनीही विसाव्या वर्षी चर्चच्या कायद्यात पदवी मिळवली. गणित आणि पदार्थविज्ञान ते मागाहून, स्वतःच्या ओढीने शिकले.

त्या वेळी रसायनशास्त्रात मोठा गोंधळ होता. इंग्लंडमध्ये डाल्टन यांनी १८०८ मध्ये अणुसिद्धांत मांडला. परंतु पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एकच अणू असतो असे ते धरून चालले. त्याच वर्षी फ्रान्समधील गे-ल्युसॅक यांनी दाखवले की वायू एकमेकांशी संयोग पावतात ते आकारमानांच्या साध्या प्रमाणात : दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन. दोघांचे म्हणणे जुळेना. व्हेर्चेल्ली येथे अध्यापन करीत असलेल्या ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये त्यांचा मेळ घातला. समान तापमान आणि समान दाब असताना, वायू कोणताही असो, समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, असे त्यांनी सांगितले.

याचे महत्त्व घरगुती उदाहरणाने समजते. एका पोत्यात मूग आणि दुसऱ्यात हरभरा आहे. दोन्हींत दाण्यांची संख्या सारखीच आहे एवढे जर कुणी खात्रीने सांगितले, तर एकही दाणा न तोलता, केवळ पोत्यांच्या वजनांवरून हरभरा मुगाच्या किती पट जड हे सांगता येईल. ॲव्होगॅड्रो यांनी तशी पोती दाखवून दिली. दाण्यांची संख्या किती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

आणि त्यांचे ऐकले कुणी? जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्या निबंधाकडे बहुतेकांनी पाठ फिरवली. ९ जुलै १८५६ रोजी ते निवर्तले, तेव्हा पाण्याच्या सूत्रावरूनही रसायनशास्त्रज्ञांत एकमत नव्हते. पुढे सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे स्तानिस्लाव कान्निझारो या सिसिलियन प्राध्यापकांनी आपल्या दिवंगत देशबांधवाची बाजू मांडली आणि अखेरीस त्यांची एक पुस्तिका प्रतिनिधींना वाटण्यात आली. ती वाचून डोळ्यांवरची खपले गळून पडल्यासारखे झाले, अशा अर्थाचे उद्गार जर्मन शास्त्रज्ञ लोथार मेयर यांनी पुढे काढले. दमास्कसच्या वाटेवरील संत पौलाची कथा जाणणाऱ्यांना ही प्रतिमा वेगळी समजावून सांगावयास नको. त्याच परिषदेला रशियाचे तरुण मेंडेलीव्ह हजर होते. नऊ वर्षांनी त्यांनी मूलद्रव्यांची आवर्तसारणी जगापुढे ठेवली.

खेड्यातला मुलगा आणि धर्मगुरू

आता खऱ्या मोजणीकडे येऊ. तिचा पहिला मान जातो योहान योसेफ लोश्मिट यांच्याकडे. १५ मार्च १८२१ रोजी बोहेमियातील एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. अशा घरातला मुलगा गुरांमागे जावयाचा, ही तेथलीही रीत. परंतु गावच्या धर्मगुरूंच्या, फादर आदाल्बर्ट चेख यांच्या नजरेत या मुलाची बुद्धी भरली. त्यांनी आईवडिलांचे मन वळवले आणि १८३३ मध्ये मुलाला पियारिस्ट धर्मगुरूंच्या शाळेत धाडले. गोरगरिबांच्या मुलांना मोफत शिकवावे म्हणून संत योसेफ कालासान्झ यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये जे कार्य सुरू केले, त्याच परंपरेतील ही शाळा.

लोश्मिट यांचे पुढचे आयुष्य सरळ गेले नाही. धंदा केला, तो बुडाला. दिवाळे निघाल्यावर ते व्हिएन्नाला आले आणि शाळेत शिक्षक झाले. चव्वेचाळिसाव्या वर्षी, १८६५ मध्ये, या शाळामास्तराने हवेच्या रेणूंच्या आकारावर निबंध लिहिला.

त्यांची युक्ती समजण्यासाठी वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा डोळ्यांपुढे आणावी. गर्दीतून चालताना दुसऱ्याचा खांदा लागण्यापूर्वी आपण सरासरी किती अंतर जातो? ते दोन गोष्टींवर ठरते : माणसे किती आहेत आणि ती किती रुंद आहेत. हवेच्या रेणूंचे असे सरासरी अंतर मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये वायूंच्या चिकटपणावरून काढले होते. पण एका माहितीवरून दोन अज्ञात संख्या सुटत नाहीत. दुसरी माहिती हवी. लोश्मिट म्हणाले, जत्रेतील सगळी माणसे एका खोलीत खेटून उभी करा. खोली किती मोठी लागते त्यावरून सर्वांचे मिळून आकारमान कळेल. वायू थंड करून त्याचा द्रव केला की रेणू असेच खेटून बसतात. या दोन माहितींची सांगड घालताच रेणूचा व्यास हाती आला : मिलिमीटरचा सुमारे दहा लाखावा भाग. व्यास कळला की संख्याही कळते. आज आपण जाणतो की त्यांचे उत्तर सुमारे तिपटीने मोठे होते. परंतु जी गोष्ट माणसाच्या आवाक्याबाहेरची समजली जात होती, तिच्यावर प्रथमच प्रमाणाची पट्टी ठेवली गेली. जर्मन भाषेच्या प्रदेशात या अंकाला दीर्घकाळ लोश्मिट यांचेच नाव होते.

एका खेड्यातील धर्मगुरूंनी एका मुलासाठी त्याच्या आईवडिलांशी बोलणे केले नसते, तर? इतिहासात अशा प्रश्नांना उत्तर नसते. पण आपल्या धर्मग्रामांतून शाळा काढणाऱ्या आणि घरोघर जाऊन मुले गोळा करणाऱ्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची आठवण यावी, एवढे बळ या प्रश्नात निश्चित आहे.

शंकेखोराने दिलेला शब्द

‘मोल’ हा शब्द ऐकताच आपल्याला किंमत आठवते. परंतु तो आला जर्मनीतून. ‘ग्रॅम-रेणू’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचा हा संक्षेप विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९० च्या दशकात रूढ केला. गंमत अशी की त्या वेळी खुद्द ओस्टवाल्ड यांचा अणूंच्या अस्तित्वावर विश्वास नव्हता. अणू ही हिशेबाची सोय आहे, वस्तू नव्हे, असे त्यांचे मत होते. न पाहिलेले का मानावे, हा त्यांचा सवाल होता.

त्यांचे मत पालटण्यास जे पुरावे कारण झाले, त्यांत फ्रान्सच्या झां पेरँ यांच्या प्रयोगांचा वाटा मोठा. पेरँ यांनी गॅम्बोज नावाचा पिवळा डिंक घेतला. हा डिंक आपल्या कोकमाच्याच कुळातील झाडांपासून मिळतो. त्याचे सूक्ष्म, सारख्या आकाराचे कण पाण्यात सोडून, तळाशी किती आणि वर किती, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले. जसजसे उंच जावे तशी हवा विरळ होते, तसेच हे कणही विरळ होत जातात. किती उंचीवर किती विरळ, यावरून डिंकाच्या कणाची रेणूशी तुलना करता येते. आणि डिंकाच्या कणाचे वजन काढता येत असल्याने रेणूचेही वजन कळते. दानपेटीतील नाणे अखेर तराजूत पडले! आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या गणिताचा पडताळाही पेरँ यांनी घेतला. १९०९ मध्ये त्यांनी या अंकाला ॲव्होगॅड्रो यांचे नाव दिले. वेगवेगळ्या वाटांनी गेले तरी उत्तर ६ ते ७ गुणिले १० चा २३ वा घात याच टापूत येते, हे दिसल्यावर ओस्टवाल्ड यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. पेरँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे मोजणी अधिकाधिक नेमकी झाली. १९७१ मध्ये मोलला मूलभूत एककांत स्थान मिळाले. १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण, अशी त्याची व्याख्या होती. त्यानंतर शास्त्रज्ञांनी शुद्ध सिलिकॉनचा एक किलो वजनाचा, जवळजवळ निर्दोष गोल घडवला आणि त्याच्या स्फटिकातील अणूंमधले अंतर मोजून अणूंची संख्या काढली. २० मे २०१९ पासून अंक कायमचा ठरला : ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, अगदी नेमका. आता तो मोजावयाचा नसून त्याने मोजावयाचे आहे.

मोजण्याचे मोल

एवढा खटाटोप कशासाठी, असे एखादी माउली विचारील. त्याचेही उत्तर कुंकवाच्याच कोयरीत आहे. शेंदूर हा मूळचा शिशाचा एक ऑक्साइड. अमेरिकेत आणि भारतात विकत घेतलेल्या शेंदराच्या नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बहुसंख्य नमुन्यांत एका ग्रॅममागे निदान एक मायक्रोग्रॅम शिसे आढळले. हा ठपका केमवर वा कोणत्याही एका गावावर नाही. पण ‘दहा लाखांत एक भाग’ म्हणजे काहीच नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी मोलचा हिशेब करावा. त्या प्रमाणात १० मिलिग्रॅमच्या टिळ्यात शिसे १० नॅनोग्रॅम असेल. त्याला शिशाच्या अणुवस्तुमानाने, २०७ ने, भागून ॲव्होगॅड्रो अंकाने गुणले, तर अणूंची संख्या सुमारे २९ लाख कोटी येते. तेवढ्याने टिळा विषारी ठरतो असे नव्हे. विषाचा निर्णय शरीरात गेलेल्या मात्रेवरून होतो. परंतु लहान मुलांसाठी शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही. म्हणून जे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असे समजून चालणे घराला परवडणारे नाही.

आज नववीच्या पाठ्यपुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ असा पाठ आहे आणि त्यात मोल आणि ॲव्होगॅड्रो अंक शिकवले जातात. मुले आकडा पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. त्यांचा दोष नाही. आकड्यामागची माणसे आम्ही त्यांना दाखवली नाहीत : धूपाच्या वासामागे गेलेला वैद्य, हयातीत दुर्लक्षिलेला वकील, दिवाळे निघालेला शाळामास्तर, आपली चूक कबूल करणारा शंकेखोर आणि डिंकाचे कण मोजीत बसलेला प्राध्यापक. यांतील एकालाही पूर्ण उत्तर एकट्याने मिळाले नाही. प्रत्येकाने आपल्या हाती आले तेवढे प्रामाणिकपणे मोजले आणि उरलेले पुढच्याच्या हवाली केले.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. भेटला तर त्याला सांगेन : बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता, हसलो ते आम्ही चुकलो. एवढे कुणी एकाने मोजले नाही. पुष्कळांनी मिळून मोजले, आणि त्याला पावणेचारशे वर्षे लागली.